भाड्याच्या जागेतील भाषा
(सामाईक होस्टिंगच्या इतिहासातील एक प्रकरण)

कोणतीही भाषा केवळ अंगच्या गुणांवर पसरत नाही, ही गोष्ट बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना वेगळी सांगायला नको. दरबाराचा आश्रय, कचेरीतील वापर, छापखान्यातील खिळ्यांची उपलब्धता, शाळेतील क्रमिक पुस्तके अशा बाहेरच्या गोष्टींनीच भाषांचे आणि लिप्यांचे भवितव्य पुष्कळदा ठरत आले आहे. मोडीसारखी झरझर लिहिता येणारी लिपी मुद्रणाच्या सोयीपुढे मागे पडली, ती उणी होती म्हणून नव्हे. संगणकाच्या आज्ञावली ज्या भाषांत लिहिल्या जातात, त्या भाषांचा इतिहासही याहून फारसा निराळा नाही. त्यांच्यातील श्रेष्ठ-कनिष्ठतेविषयी जाणकारांत आजवर पुष्कळ वाद झाले. परंतु महाजालावरील बहुसंख्य संकेतस्थळे पीएचपी या एकाच भाषेत का लिहिली गेली, या प्रश्नाचे उत्तर त्या भाषेच्या व्याकरणात सापडत नाही. ते जागेच्या भाड्यात सापडते. १९९३ ते २०१२ या सुमारे वीस वर्षांत हे भाडे कसे ठरले, कोणत्या भाषेला जागा मिळाली आणि कोणती दाराबाहेर राहिली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. मराठी मजकुराचेही काही नुकसान या व्यवहारात झाले. त्याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात येईल.

चाळीची रचना

संकेतस्थळ म्हणजे अखेरीस कोठल्या तरी संगणकावर ठेवलेल्या काही फाइली. तो संगणक अहोरात्र चालू असावा लागतो आणि महाजालाला जोडलेला असावा लागतो. असा स्वतंत्र संगणक बाळगणे विद्यापीठांना आणि मोठ्या कंपन्यांना परवडत असे. साहित्य मंडळाला, लहान दुकानदाराला किंवा हौशी लेखकाला ते शक्य नव्हते. त्यांच्यासाठी जी व्यवस्था निर्माण झाली ती सामाईक होस्टिंगची. एकाच यंत्रावर शेकडो भाडेकरू राहतात, प्रत्येकाला साठवणुकीची थोडी जागा मिळते आणि यंत्राची स्मृती, त्याचा प्रक्रियक व त्याची आज्ञावली मात्र सर्वांची मिळून एकच असते. गिरगावातील चाळीत खोली स्वतंत्र आणि नळ सामाईक असे, तशीच ही व्यवस्था होती. नळाला पाणी किती वेळ सोडायचे, गच्ची कोणाला वापरू द्यायची, हे भाडेकरू ठरवीत नाही. त्याचप्रमाणे यंत्रावर कोणती भाषा चालेल, तिची कोणती आवृत्ती असेल आणि तिच्या कोणत्या सोयी उघड्या राहतील, हे ठरविण्याचा अधिकार येथे जागामालकाचा असे.

ही चाळ उभी राहण्यास एक तांत्रिक अडचण होती. प्रारंभीच्या काळात ब्राउझर सर्व्हरकडे पान मागताना केवळ त्या पानाचा मार्ग सांगत असे. कोणत्या नावाच्या संकेतस्थळाचे पान हवे, हे सांगत नसे. त्यामुळे एका यंत्रावर दहा संकेतस्थळे ठेवायची झाल्यास दहा स्वतंत्र आयपी पत्ते लागत. एचटीटीपीच्या १.१ या आवृत्तीने जानेवारी १९९७ मध्ये प्रत्येक मागणीसोबत यजमानाचे नाव कळविणे सक्तीचे केले, आणि एकाच पत्त्यावर हवी तितकी संकेतस्थळे नांदू लागली. त्या आधी १९९५ मध्ये अपाचे हा फुकट उपलब्ध होणारा वेब सर्व्हर आला होता. लिनक्स, अपाचे आणि यजमानाच्या नावाची ही बारीकशी तरतूद या तिहींच्या संयोगाने जागेचे भाडे झपाट्याने उतरले. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी महाजालाची सेवा सर्वसामान्यांस खुली केली. त्यानंतर आपल्याकडील अनेक लहान संस्थांनी जी पहिली संकेतस्थळे थाटली, ती परदेशातील अशाच चाळींतून.

पर्लचा पहिला मान

नुसती लिहून ठेवलेली पाने दाखविण्यास कोणत्याही भाषेची गरज नसते. वाचकाने भरलेला अर्ज स्वीकारणे, अभिप्राय नोंदविणे, शोध घेणे अशी कामे आली की सर्व्हरला एखादी आज्ञावली चालवावी लागते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या संगणन केंद्रात १९९३ मध्ये तयार झालेल्या सर्व्हरसोबत यासाठी सीजीआय नावाचा संकेत रूढ झाला. मागणी आली की सर्व्हरने आज्ञावली सुरू करावी, तिला आवश्यक माहिती द्यावी, तिने छापलेले उत्तर वाचकाकडे पाठवावे आणि आज्ञावली संपावी, इतका तो साधा होता. आज्ञावली कोणत्या भाषेत आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. तत्त्वतः सर्व भाषांना समान प्रवेश देणारी व्यवस्था या क्षेत्रात सुरुवातीसच होती, ही गोष्ट पुढील इतिहास पाहता लक्षात ठेवण्यासारखी आहे.

व्यवहारात हा मान पर्लला मिळाला. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली ही भाषा मजकुराची काटछाट करण्यात निष्णात होती आणि युनिक्सच्या बहुतेक यंत्रांवर ती व्यवस्थापकांच्या सोयीसाठी आधीपासूनच बसविलेली असे. जागामालकाला नवे काही करावे लागत नव्हते, हे तिच्या यशाचे मोठे कारण होय. मॅट राइट या तरुणाने १९९५ च्या सुमारास फुकट वाटलेल्या पर्लच्या आज्ञावली जगभर उतरवून घेतल्या गेल्या. त्यांतील अर्जातील मजकूर टपालाने पाठविणारी आज्ञावली तर इतकी पसरली की पुढे नको असलेली पत्रे पाठविणाऱ्यांनी तिच्यातील उणिवांचा यथेच्छ गैरफायदा घेतला.

पर्लची अडचण अन्यत्र होती. प्रत्येक मागणीला नवी प्रक्रिया सुरू होई, पर्लचा दुभाषी स्मृतीत चढे, आज्ञावली वाचली जाई आणि काम होताच सारे मोडून टाकले जाई. वाचक मोजके असेपर्यंत हे खपून गेले. गर्दी वाढताच यंत्र धापा टाकू लागले. यावर उपाय म्हणून १९९६ पासून मॉड-पर्ल पुढे आले. त्यात पर्लचा दुभाषी अपाचेच्या पोटातच कायम वस्तीला राही आणि एकदा वाचलेली आज्ञावली स्मृतीत टिकून राही. वेग कित्येक पटींनी वाढला. पण जी आज्ञावली स्मृतीत टिकते, ती शेजाऱ्याच्याही वाट्याला येते. एका भाडेकरूने एखाद्या विभागाला दिलेले नाव दुसऱ्यानेही वापरले की दोहोंची गल्लत होई. आज्ञावलीत बदल केला की बहुधा सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागे, म्हणजे एका बिऱ्हाडासाठी साऱ्या चाळीचे पाणी बंद. स्वतंत्र यंत्र असणाऱ्यांना मॉड-पर्ल वरदान ठरले. सामाईक जागेत बहुतेक मालकांनी ते येऊ दिले नाही. पर्ल तेथे जुन्या, संथ वाटेनेच चालत राहिली.

विस्मरणाचा गुण

रासमुस लेर्डॉर्फ यांनी जून १९९५ मध्ये स्वतःच्या पानासाठी केलेली काही साधने जाहीर केली. त्यांतून वाढलेल्या पीएचपीची तिसरी आवृत्ती अँडी गुटमन्स व झीव सुरास्की यांच्या सहभागाने जून १९९८ मध्ये, आणि चौथी मे २००० मध्ये आली. भाषा म्हणून तिची रचना ओबडधोबड होती. एकाच जातीच्या कार्यांची नावे निरनिराळ्या धाटणीची, त्यांना द्यावयाच्या बाबींचा क्रम कधी असा तर कधी तसा. जाणकारांनी तिची पुष्कळ थट्टा केली. परंतु सामाईक जागेत राहण्यासाठी लागणारा एक गुण तिच्यापाशी होता. तो म्हणजे विस्मरण.

पीएचपीचा दुभाषीही अपाचेच्या पोटातच राहत असे, त्यामुळे तो दर वेळी नव्याने चढवावा लागत नसे. मात्र एक मागणी पुरी झाली की त्या मागणीत निर्माण झालेली सारी चले, सारी व्याख्या, उघडलेल्या फाइली हे सर्व तो पुसून टाकी. पुढच्या मागणीला पाटी कोरी. दुभाषी टिकल्यामुळे वेग मिळाला आणि आठवणी न टिकल्यामुळे शेजाऱ्यांची गल्लत टळली. एखाद्या नवशिक्याच्या आज्ञावलीतून स्मृती गळत असली तरी ती गळती एका मागणीपुरतीच राहत असे. फाइल बदलली की पुढच्याच मागणीला बदल दिसे. सर्व्हर पुन्हा सुरू करण्याचे कारण नाही. भाडेकरूने एफटीपीने फाइल चढवावी आणि ब्राउझरमध्ये पान पाहावे, इतकेच. सोबतीला मायएसक्यूएल हा फुकट विदागार होता, आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या सीपॅनेलसारख्या साधनांमुळे मालकाला एका यंत्रावर शेकडो बिऱ्हाडे सांभाळणे सोपे झाले होते. पीएचपी चालू ठेवण्यास मालकाला दर भाडेकरूमागे जवळजवळ काहीच खर्च येत नसे. ती स्वस्तातल्या स्वस्त योजनेतही मिळू लागली, ती यामुळे.

अन्य भाषांचा हिशेब या मोजपट्टीवर लावून पाहावा. जावाला स्वतःचे आभासी यंत्र लागे. प्रत्येक भाडेकरूस ते स्वतंत्र द्यावे, तर ज्या काळी सर्व्हरची एकूण स्मृतीच काही शे मेगाबाइट होती त्या काळी दहा-वीस बिऱ्हाडांतच यंत्र भरून जाई. सर्वांना मिळून एक द्यावे, तर एकाच्या चुकीने सर्व खोळंबत. मायक्रोसॉफ्टची एएसपी ही पद्धत डिसेंबर १९९६ पासून उपलब्ध होती आणि व्हिज्युअल बेसिक शिकलेल्यांना ती सहज जमे. पण तिला विंडोज सर्व्हर लागे, त्याचा परवाना विकत घ्यावा लागे आणि तो खर्च भाड्यात उतरे. पायथन पर्लप्रमाणेच सीजीआयच्या वाटेने चाले, तर मॉड-पायथनची अडचण मॉड-पर्लचीच होती. थोडक्यात, ज्या भाषा आपली आठवण टिकवून मोठी कामे करू पाहत, त्यांना स्वतंत्र घर हवे होते. आणि स्वतंत्र घर महाग होते.

स्वस्ताईची किंमत

या व्यवस्थेची किंमत मोजावी लागली नाही असे नाही. अपाचेच्या १.२ आवृत्तीपासून, म्हणजे १९९७ पासून, सीजीआय आज्ञावली त्या त्या भाडेकरूच्या नावाने चालविण्याची सोय होती. अपाचेच्या पोटातील पीएचपी मात्र सर्वांसाठी सर्व्हरच्याच नावाने चाले. परिणामी सर्व्हरला जी फाइल वाचता येई, ती कोणत्याही भाडेकरूच्या आज्ञावलीला वाचता येई. शेजाऱ्याच्या विदागाराचा परवलीचा शब्दही त्यात आला. यावर 'सेफ मोड' नावाचा पहारा बसविण्यात आला. ही अडचण भाषेच्या पातळीवर सोडविणे रचनेच्या दृष्टीने चुकीचे आहे, असे पीएचपीच्या अधिकृत पुस्तिकेतच नमूद होते. तरीही दुसरा व्यवहार्य पर्याय नाही म्हणून तो वर्षानुवर्षे चालला आणि मार्च २०१२ मध्ये, ५.४ या आवृत्तीत, काढून टाकण्यात आला.

दुसरी किंमत अधिक सूक्ष्म होती. मालकाच्या एका यंत्रावर हजारो जुन्या आज्ञावली चालत. आवृत्ती बदलली आणि त्यांतील काही बंद पडल्या, तर तक्रारी मालकाकडेच येणार. तेव्हा न बदलणे हेच त्याच्या हिताचे. पीएचपीची पाचवी आवृत्ती जुलै २००४ मध्ये आली. तीन वर्षांनंतरही असंख्य मालक चौथीवरच अडून होते. पाचवी कोठे मिळत नाही म्हणून लेखक चौथीसाठी लिहीत, आणि सारे लेखन चौथीसाठीच आहे म्हणून मालक पाचवी बसवीत नसत. हा पेच सोडविण्यासाठी २००७ मध्ये द्रुपल, पीएचपीमायअॅडमिन इत्यादी प्रकल्पांनी एकत्र येऊन ५ फेब्रुवारी २००८ ही तारीख ठरविली आणि त्यानंतरच्या आपल्या नव्या आवृत्त्या केवळ पाचव्या पीएचपीच्या ५.२ किंवा पुढील रूपावर चालतील असे जाहीर केले. खुद्द पीएचपीच्या कर्त्यांनीही चौथीची देखभाल ८ ऑगस्ट २००८ पर्यंतच करण्याचे ठरविले. भाडेकरूंनी संघटित होऊन मालकाकडून दुरुस्ती करवून घेतल्याचे या क्षेत्रातील हे लक्षणीय उदाहरण होय. तरी वर्डप्रेसने सावधपणे जुलै २०११ पर्यंत चौथीची साथ सोडली नाही.

रूबीचा कलह

जुलै २००४ मध्ये डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी रूबी या जपानी भाषेवर आधारलेली 'रेल्स' ही चौकट प्रसिद्ध केली. पाठोपाठ जुलै २००५ मध्ये पायथनची 'जँगो' आली. दोहोंनी संकेतस्थळ बांधण्याच्या कल्पनाच बदलल्या. परंतु दोन्ही चौकटी आकाराने मोठ्या, प्रत्येक मागणीला नव्याने चढविणे अशक्य. त्या स्मृतीत मुक्काम ठोकूनच राहणार. सामाईक जागेत त्यांच्यासाठी फास्टसीजीआय ही १९९६ मधील जुनी वाट खुली करण्यात आली. त्या वाटेवर प्रक्रिया अर्धमेल्या होऊन पडत, मालकाची देखरेख करणारी आज्ञावली त्यांना मारून टाकी आणि वाचकाला पानाऐवजी '५००' हा आकडा दिसे.

जानेवारी २००८ मध्ये ड्रीमहोस्ट या मोठ्या होस्टिंग कंपनीने जाहीरपणे तक्रार केली, की रेल्सच्या कर्त्यांनी सामाईक जागेत राहणाऱ्यांचा विचार केलेला नाही. हॅन्सन यांचे उत्तर असे, की आपण व आपले सहकारी त्या जागेत राहत नाही. ज्यांना गरज आहे त्यांनी ते काम अंगावर घ्यावे. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. मालकाला शेकडो बिऱ्हाडे एका भाड्यात बसवायची होती, कारागिराला आपले हत्यार चांगले हवे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हॉलंडमधील फ्यूजन या दोघा तरुणांच्या संस्थेने 'पॅसेंजर' काढून रेल्सला सामाईक जागेत बरेचसे सुसह्य केले. तोवर वेळ निघून गेली होती. अॅमेझॉनने ऑगस्ट २००६ पासून यंत्रे तासाच्या हिशेबाने भाड्याने द्यावयास आरंभ केला होता, हेरोकूने २००७ पासून रूबीसाठी खास निवास उभारला होता, आणि एप्रिल २००८ मध्ये गूगलने आपला आश्रय सुरू केला तो केवळ पायथनसाठी. पीएचपीला त्या दारात प्रवेश मिळण्यास २०१३ उजाडले. चाळीत ज्यांना जागा नव्हती, त्या भाषांसाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या. चाळीत मात्र पीएचपीच राहिली.

मराठीच्या वाट्याला आलेले

आता आपल्या भाषेकडे वळू. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ मध्ये, मनोगत २००४ मध्ये आणि मिसळपाव २००७ मध्ये सुरू झाले. यांपैकी मनोगत व मिसळपाव ही पीएचपीत लिहिलेल्या द्रुपलवर उभी राहिली. असंख्य व्यक्तिगत व संस्थात्मक मराठी संकेतस्थळांनीही हीच वाट धरली. स्वस्त जागा आणि फुकट आज्ञावली नसत्या, तर मराठीतील हे लेखन इतक्या लवकर आणि इतक्या प्रमाणात महाजालावर आलेच नसते. हे ऋण प्रथम मान्य करावयास हवे.

परंतु पीएचपीला देवनागरी ठाऊक नव्हती. तिच्या लेखी मजकूर म्हणजे बाइटांची माळ. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'मराठी' या शब्दात वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे होतात. पीएचपी त्यांची लांबी पंधरा सांगे. लेखाचा सारांश देण्यासाठी पहिले शंभर बाइट तोडले, की नेमके एखाद्या चिन्हाच्या मधोमध कात्री लागे आणि ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह किंवा चौकट उमटे. यावर उतारा म्हणून 'एमबीस्ट्रिंग' नावाची जोड उपलब्ध होती. पण ती मुळात चालू केलेली नसे. ती बसवायची की नाही हे जागामालक ठरवी, आणि परदेशातील मालकाला तिची निकड भासण्याचे कारण नव्हते. द्रुपलला तर ही जोड आहे की नाही हे आधी तपासून, नसल्यास स्वतःची कामचलाऊ व्यवस्था वापरावी लागे. जावा आरंभापासून युनिकोड जाणत होती, पायथनने ते २००० मध्ये आणि पर्लने २००२ च्या ५.८ आवृत्तीत नीट आत्मसात केले होते. म्हणजे ज्या भाषांना आपली लिपी येत होती त्यांना स्वस्त जागेत नीट राहता येत नव्हते, आणि जिला जागा होती तिला लिपी येत नव्हती.

विदागाराची कथा अधिक दुःखद आहे. मायएसक्यूएलला ऑक्टोबर २००४ मध्ये स्थिरावलेल्या ४.१ आवृत्तीपर्यंत युनिकोड कळत नव्हते. त्यापूर्वी २५५ बाइटांच्या रकान्यात जास्तीत जास्त ८५ देवनागरी चिन्हे मावत. काना-मात्रा धरून लांबलेले शीर्षक मुकाट्याने कापले जाई. ४.१ नंतरही मूळ ठरवून दिलेली वर्णमाला पश्चिम युरोपीयच राहिली; ती बदलण्यास एप्रिल २०१८ मधील ८.० आवृत्ती यावी लागली. मधल्या काळात विदागार मराठी मजकूर युरोपीय समजून साठवीत आणि तसाच परत देत, त्यामुळे वरवर सारे ठीक दिसे. जागामालकाने यंत्र बदलले किंवा भाडेकरूने बिऱ्हाड हलविले, की त्या मजकुराचे पुन्हा एकदा रूपांतर होई आणि कविता-लेखांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ दिलेल्या रोमन अक्षरांचा बुजबुजाट उमटे. मजकूर नष्ट झालेला नसे, उलट क्रमाने रूपांतर करून तो पुष्कळदा सोडविता येई; पण ते ज्याला ठाऊक नसे तो सर्व गेले असे समजून हात झाडून मोकळा होई. शोधाचीही तीच गत. मायएसक्यूएलच्या मजकूर-शोधात चार चिन्हांहून लहान शब्द मुळात गाळले जात, आणि ही मर्यादा बदलण्याचा अधिकार केवळ मालकाला. 'घर', 'कवी', 'ओवी' हे शब्द मराठी साहित्याच्या संकेतस्थळावर शोधून सापडू नयेत, यास दुसरे कोणतेही कारण नव्हते.

पीएचपीला मुळापासून युनिकोड शिकविण्याचा प्रयत्न २००५ पासून सहाव्या आवृत्तीच्या रूपाने झाला. काम अवजड झाले, वेग मंदावला आणि २०१० मध्ये तो प्रयत्न सोडून देण्यात आला. डिसेंबर २०१५ मध्ये पाचव्यानंतर थेट सातवी आवृत्ती आली. मधला आकडा त्या अपुऱ्या संकल्पाची खूण म्हणून रिकामाच राहिला.

उपसंहार

आज ही चाळ मोडलेली नाही. सर्व्हरवरील भाषा ओळखता येते अशा संकेतस्थळांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक ठिकाणी पीएचपीच असल्याचे डब्ल्यू-थ्री-टेक्सच्या २०२४ मधील पाहणीत दिसत होते. सामाईक जागेतही आता भाडेकरूंना एकमेकांपासून वेगळे राखण्याची साधने आली आहेत, भाषेची आवृत्ती भाडेकरू स्वतः निवडू शकतो, आणि पायथन, रूबी, नोड यांनाही अनेक ठिकाणी कोपरा मिळतो. स्मृती स्वस्त झाली, तसा विस्मरणाच्या गुणाचा पूर्वीचा भाव उतरला. तरी एकदा जमलेला संसार हलत नाही. मराठीचा विचार करता यात वाईट वाटण्याचे कारण उरलेले नाही, कारण एमबीस्ट्रिंग आता बहुधा सर्वत्र असते आणि विदागारही देवनागरी जाणतो.

या इतिहासातून आपल्यासारख्या संस्थांनी घ्यावयाचा बोध भाषेच्या निवडीविषयीचा नाही. मंडळाच्या संकेतस्थळासाठी पीएचपी घ्यावी की पायथन, हा प्रश्न दुय्यम आहे. जे स्वस्तात मिळेल आणि सांभाळणारा माणूस गावात भेटेल ते घ्यावे. महत्त्वाची गोष्ट ही, की भाड्याच्या जागेत ठेवलेले लेखन आपल्या मालकीचे असले तरी ते ज्या चौकटीत साठविले आहे ती आपली नसते. याहू कंपनीने २६ ऑक्टोबर २००९ रोजी जिओसिटीजची वसाहत बंद केली, तेव्हा तेथील पाने लिहिणाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. म्हणून अंकांचा, स्मरणिकांचा, सभांच्या वृत्तांतांचा मजकूर साध्या यूटीएफ-८ फाइलींत उतरवून मंडळाच्या कपाटात ठेवावा, बिऱ्हाड हलविण्यापूर्वी चार पाने नव्या जागी लावून वाचून पाहावीत, आणि संकेतस्थळाचा परवलीचा शब्द एकाच कार्यकर्त्याच्या स्मरणशक्तीवर सोपवू नये. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील ग्रंथालयांनी पिढ्यान्‌पिढ्या वाळवीपासून पुस्तके राखली, ती दरवर्षी कपाटे उघडून. या नव्या कपाटांनाही तीच मेहनत लागते.